इंग्रजी दायशब्द आणि इंग्रजी कादंबरी

जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) या कादंबरींतील बेनेटबाईंना एक गोष्ट अखेरपर्यंत समजत नाहीं. नवऱ्याच्या मागें त्याची जमीन आपल्या पांच मुलींपैकीं एकीलाहि न मिळतां कॉलिन्स नांवाच्या एका दूरच्या आप्ताकडे कां जावी, हें कोडें त्यांना उलगडत नाहीं. थोरल्या दोघी मुली त्यांना ‘एन्टेल’ या शब्दाचा अर्थ समजावून देण्याचा पुष्कळदां यत्न करितात. पण तो विषय निघाला कीं बाईंपुढें कोणाचाहि युक्तिवाद चालत नाहीं. लेखिकेच्या बरोबर आपणहि त्यांना हंसतों. मात्र हंसून झाल्यावर कोणीं आपणांस विचारिलें, कीं ‘बरें, तुम्हीच सांगा, एन्टेल म्हणजे काय?’ तर आपल्यांतील बहुतेक सुशिक्षित वाचक असेंच उत्तर देतील, कीं ‘त्या काळीं इंग्लंडांत मुलींना जमिनीचा वारसा मिळत नसे, त्यांतलाच तो कांहीं कायदा.’ हें उत्तर चुकीचें आहे, आणि बेनेटबाईंच्या समजुतीहून तें फारसें निराळेंहि नाहीं.

इंग्रजी कादंबरी आपल्याकडे कित्येक पिढ्या आवडीनें वाचली जात आहे. तींतील नाच, जेवणें, घोडागाड्यांचे प्रकार, पाद्र्यांच्या पायऱ्या यांविषयीं आपण हौसेनें माहिती मिळवितों. परंतु ज्या शब्दांवर कथानकाचा सगळा डोलारा उभा असतो, ते जमिनीच्या कायद्याचे शब्द आले कीं ‘वडिलोपार्जित मिळकत’ एवढा एकच प्रतिशब्द मनाशीं योजून आपण पुढचें पान उलटतों. आमचें म्हणणें असें आहे कीं या एका प्रतिशब्दानें त्या कादंबऱ्यांचें मोठें नुकसान होतें. कारण ‘वडिलोपार्जित’ म्हणतांच आपल्या मनांत मिताक्षरेची कल्पना उभी राहते. बापजाद्यांच्या मिळकतींत मुलाचें स्वत्व त्याच्या जन्माबरोबर उत्पन्न होतें, असें विज्ञानेश्वरानें सांगितलें व तें आपल्या हाडीं खिळलें. इंग्रजी कायद्याचें सूत्र याच्या नेमकें उलट आहे: जिवंत माणसाला वारस नसतो. बाप हयात आहे तोंपर्यंत थोरला मुलगा हा केवळ एक उमेदवार. त्याच्यापाशीं आशा असते, हक्क नसतो. ही आशेची अवस्था, एखाद्याच्या मरणाकडे सभ्यपणें डोळे लावून बसण्याची अवस्था, हाच इंग्रजी कादंबरीच्या निम्म्या कथानकांचा विषय आहे. आणि आपला प्रतिशब्द नेमकी तीच पुसून टाकतो.

प्रथम शब्दांची थोडी विचारपूस करूं. जुन्या इंग्रजी कायद्यांत वारशानें जाऊं शकणाऱ्या प्रत्येक वस्तूस ‘हेरेडिटामेंट’ अशी संज्ञा होती. सतराव्या शतकाच्या आरंभीं सर एडवर्ड कोक यानें हा शब्द आपल्या जातींतील सर्वांत व्यापक शब्द म्हणून गौरविला आहे. जमीन, घर, झाडें ही मूर्त हेरेडिटामेंटें. आणि डोळ्यांनीं दिसत नाहींत, हातीं लागत नाहींत, पण बापाकडून मुलाकडे जातात तीं अमूर्त. ब्लॅकस्टननें आपल्या प्रसिद्ध भाष्यांत (१७६५ ते १७६९) अमूर्तांचे दहा प्रकार मोजले. चर्चचा पाद्री नेमण्याचा हक्क, धान्याचा दशमांश, सामायिक गायरानावर गुरें चारण्याचा हक्क, दुसऱ्याच्या जमिनींतून जाण्याची वाट, वंशपरंपरेचें अधिकारपद, उमरावकीचा मान, राजानें दिलेली सनदी सवलत, कोणाकडून अन्नवस्त्र मिळण्याचा हक्क, वार्षिक नेमणूक आणि भाडें, अशी ती यादी आहे. पिढीजात जोशीपण, कुळकर्ण, देवस्थानाची पाळी यांना मिळकत समजण्याची संवय असलेल्या आपल्या मंडळींना या यादीचें नवल वाटावयास नको. नवल असलेंच तर तें याचें, कीं नऊशें नव्याण्णव वर्षांच्या मुदतीनें घेतलेली जमीन मात्र या यादींत बसत नव्हती! भाडेपट्टा हा कितीहि लांबीचा असला तरी तो कायद्याच्या दृष्टीनें खुर्ची-टेबलांच्या पंक्तीचा. तो वारसाकडे न जातां मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाकडे जाई. म्हणून त्यांच्या ‘रिअल’ व ‘पर्सनल’ या दोन शब्दांस आपण ‘स्थावर’ व ‘जंगम’ म्हणतों तें पुरतें जुळत नाहीं. ‘रिअल’ म्हणजे ‘खरें’ तर नव्हेच. ज्या वस्तूविषयीं दावा लाविला असतां वस्तूच परत मिळते, नुसती नुकसानभरपाई नव्हे, ती ‘रिअल’, असा त्या शब्दाचा वंश आहे.

तशीच गोष्ट ‘फी सिंपल’ या शब्दाची. येथील ‘फी’ ही शाळेची फी नव्हे आणि ‘सिंपल’ म्हणजे साधी नव्हे. १०६६ सालीं नॉर्मंडीच्या विल्यमनें इंग्लंड जिंकल्यावर सारी भूमि अखेर राजाची, व इतर सर्व तिचे धारक, असें तत्त्व रूढ झालें. त्या धारणेचें नांव ‘फी’. तेव्हां इंग्रज जमीनदार जमिनीचा मालक नसून काळाच्या एका तुकड्याचा मालक असतो. स्वतःच्या हयातीचा तुकडा असला तर ती हयातीची धारणा. वंशांत कोणीहि वारस उरेपर्यंतचा तुकडा असला तर ‘फी सिंपल’. आणि केवळ आपल्या पोटच्या संततीपुरता छाटलेला तुकडा असला तर ‘फी टेल’. हा ‘टेल’ म्हणजे शेपूट नव्हे. फ्रेंच भाषेंतील छाटण्याच्या क्रियापदाशीं त्याचें नातें आहे, आणि ‘एन्टेल’ हें त्याच छाटण्याचें दुसरें रूप.

याहून चमत्कारिक गोष्ट ‘अमुक इसम व त्याचे वारस’ या शब्दांची. दस्तऐवजांत असे शब्द आले म्हणजे आपल्याला वाटतें, वारसांनाहि कांहीं दिलें. इंग्रजी कायदा म्हणतो, वारसांना कवडीहि दिली नाहीं. ‘व त्याचे वारस’ हे शब्द त्या इसमाला किती लांबीचा तुकडा मिळाला हें दाखविणारी नुसती मोजपट्टी आहे. तो उद्यां सर्व विकून टाकील आणि वारस हात चोळीत बसतील. उलट हे शब्द लिहावयाचे राहिले आणि त्यांऐवजीं ‘निरंतर’ असें कितीहि ठासून लिहिलें, तरी मूळच्या नियमाप्रमाणें त्या इसमास मिळे ती फक्त हयातीची धारणा. १८८१ च्या कायद्यानें हा जाच सैल केला व १९२५ च्या कायद्यानें तो संपविला. आमच्या मतें इंग्रजी स्वभावावर टीका करूं इच्छिणारानें या एका वाक्यांशावर विचार करावा. ज्या समाजाच्या दस्तऐवजांत वारसाचें नांव घेतलें जातें तें वारसाला कांहीं देण्यासाठीं नव्हे, त्या समाजाच्या कादंबऱ्यांत बापलेकांचे संबंध थंड कां, याचें थोडेंसें उत्तर त्यांत सांपडेल.

वारशाची दिशाहि ठरलेली होती. तेराव्या शतकांतील ब्रॅक्टन म्हणतो कीं वारसा हा जड वस्तूसारखा खालींच पडतो, वर चढत नाहीं. म्हणून निपुत्रिक मुलाची जमीन बापाला मिळत नसे. ती चुलत्याला मिळे. पुढें तो चुलता निःसंतान वारला तर त्याचा भाऊ या नात्यानें बापाला ती मिळूं शके. मुलाच्या मिळकतीवर बापाचा हक्क पोंचण्यास मध्यें चुलत्यानें मरावें लागे! हा प्रकार १८३३ सालीं बंद झाला.

आतां बेनेट कुटुंबाकडे परत येऊं. वर आम्ही जें उत्तर चुकीचें म्हटलें त्याचें कारण असें: सर्वसाधारण इंग्रजी कायद्याप्रमाणें मुलगे असतां मुलींना जमीन मिळत नसे हें खरें, पण मुलगा नसल्यास ती सर्व मुलींना समान वांटून मिळे. बेनेटची जमीन ‘फी सिंपल’ असती तर जेन, एलिझाबेथ, मेरी, किटी व लिडिया या पांचजणी सारख्या वांटेकरी झाल्या असत्या. त्यांच्यावर अन्याय केला तो देशाच्या कायद्यानें नव्हे, तर त्यांच्याच कोण्या पूर्वजानें. त्यानें लाँगबोर्नची जमीन पुरुषवंशाला बांधून टाकली. गर्विष्ठ लेडी कॅथरीन एके ठिकाणीं बोलून जाते कीं मुलींना वगळून जमीन बांधण्याची गरज आपल्याला दिसत नाहीं. तिच्या नवऱ्याच्या घराण्यांत ती पडली नव्हती. मूर्ख व उद्धट म्हणून रंगविलेल्या या बाईच्या तोंडीं ऑस्टिननें हें शहाणपणाचें वाक्य घातलें आहे, आणि कायद्याचा अर्थ न कळणारा वाचक तें तिच्या इतर बडबडींत जमा करून टाकतो.

अशा वांटेकरी मुलींना इंग्रजी कायद्यांत नांव होतें ‘कोपार्सनर’. हा शब्द ओळखीचा वाटतो ना? हिंदु एकत्र कुटुंबांतील जन्मसिद्ध भागीदारांना इंग्रज न्यायाधीशांनीं व ग्रंथकारांनीं तोच शब्द लाविला. त्यांच्या देशांत जो शब्द मुख्यतः बहिणीबहिणींचा, तो आपल्याकडे येऊन केवळ पुरुषांचा झाला, आणि मुलगी ‘कोपार्सनर’ होऊं शकत नाहीं हा सिद्धान्त शतकभराहून अधिक काळ आपल्या कोर्टांत घोकला गेला. महाराष्ट्रांत १९९४ सालीं व सर्व देशांत २००५ सालीं कायदा बदलून मुलीला तो हक्क मिळाला. शब्दाला आपला मूळचा अर्थ परत मिळण्यास एवढा फेरा घ्यावा लागला.

मग बेनेटनें ही बांधणी तोडली कां नाहीं? हा प्रश्न पुष्कळ वाचकांस पडतच नाहीं, आणि येथेंच कादंबरीची खरी मेख आहे. १२८५ च्या कायद्यानें वंशबद्ध जमीन न तुटणारी केली; पण वकिलांनीं दोनशें वर्षांच्या आंत तिला पळवाट शोधली, व १४७२ च्या एका प्रसिद्ध खटल्यानंतर ती राजरोस झाली. वंशबद्ध धारकावर एका मित्रानें लटका दावा लावावयाचा. धारकानें ‘ही जमीन मला अमक्यानें हमीनें दिली, त्याला बोलवा’ म्हणावयाचें. तो अमका म्हणजे बहुधा कोर्टाचा पुकारा करणारा शिपाई! त्यानें हजर होऊन, जरा बोलणें करतों म्हणून बाहेर जावयाचें आणि परत यावयाचें नाहीं. मग कोर्ट मित्राच्या बाजूनें निकाल देई व जमीन बंधमुक्त होई. हें नाटक १८३३ पर्यंत गंभीर चेहऱ्यानें चाललें. परंतु तें करण्याचा अधिकार वंशबद्ध धारकाला. नुसत्या हयातीच्या धारकाला नव्हे. म्हणून सावध घराण्यांनीं असा प्रघात पाडला कीं, बापाला केवळ हयातीचा हक्क द्यावयाचा व वंशबंध जन्माला येणाऱ्या मुलाच्या नांवें ठेवावयाचा. मुलगा एकवीस वर्षांचा झाला म्हणजे बाप व मुलगा मिळून बंध तोडीत, मुलाला तूर्त कांहीं वार्षिक नेमणूक मिळे, आणि त्याच बैठकींत जमीन पुढच्या पिढीसाठीं पुन्हां बांधली जाई. इंग्रजी कादंबऱ्यांत थोरल्या मुलाच्या एकविसाव्या वाढदिवसाला कुळांना मेजवानी देतात, त्या आनंदांत या कागदावरील सहीचाहि वांटा असे.

बेनेटनें ठरविलें होतें तें हेंच. मुलगा होईल, तो वयांत येईल, आपल्याबरोबर सही करील, बंध तुटेल आणि बायको व मुलींची सोय होईल. ऑस्टिननें हें कादंबरीच्या उत्तरार्धांत, लिडिया पळून गेल्यावर, दोन ओळींत सांगितलें आहे. दरसाल दोन हजार पाउंडांच्या प्राप्तींतून या गृहस्थानें कांहींहि शिल्लक टाकली नाहीं, कारण मुलगा होणारच होता! झाल्या पांच मुली. बायको-मुलांच्या नांवें लग्नाच्या वेळीं ठरलेले पांच हजार पाउंड, एवढाच काय तो आधार. ग्रंथालयांत बसून बायकोची थट्टा करणारा हा विद्वान् विनोदी पुरुष पहिल्या वाचनांत आपल्याला फार आवडतो. पण कायद्याचा धागा हातीं धरून पुन्हां वाचावें; म्हणजे दिसतें कीं बेनेटबाई मूर्ख असल्या तरी भिण्याचें कारण त्यांनाच दिसत होतें, आणि ज्याला कायदा कळत होता त्यानें वीस वर्षें आळसांत घालविलीं. हा न्याय ऑस्टिननें एकहि कठोर शब्द न वापरतां केला आहे. ‘एन्टेल’ला ‘मुलींना वारसा नाहीं’ एवढाच अर्थ देणारा वाचक बेनेटला निर्दोष सोडतो, आणि लेखिकेचा सर्वांत सूक्ष्म डाव हुकतो.

कॉलिन्सविषयीं एक गोष्ट येथेंच सांगून टाकूं. तो लाँगबोर्नच्या मूर्त मिळकतीचा भावी धनी आहे, आणि त्याच वेळीं एका अमूर्त हेरेडिटामेंटाचा लाभार्थी आहे. कारण हंसफर्डची पाद्रीगिरी त्याला दिली ती लेडी कॅथरीननें, व पाद्री नेमण्याचा हक्क ही ब्लॅकस्टनच्या यादींतील पहिलीच वस्तू. हा हक्क विकतां येई, एका खेपेपुरताहि विकतां येई. ‘मॅन्सफील्ड पार्क’मध्यें (१८१४) थोरल्या मुलाच्या उधळपट्टीपायीं धाकट्या एडमंडसाठीं राखलेली अशी एक जागा दुसऱ्याच्या हातीं जाते, हें वाचकांस आठवत असेल. परंतु एकदां नेमणूक झाल्यावर रेक्टर आपल्या जागेचा हयातीचा धारक होई. आश्रयदात्याला त्याला काढतां येत नसे. म्हणजे कॉलिन्स लेडी कॅथरीनपुढें जें लोटांगण घालतो त्याची कायद्यानें मुळींच जरूर नव्हती. तें शुद्ध हौसेचें लोटांगण आहे. ही गोष्ट कळल्यापासून आम्हांस तो पूर्वींपेक्षां दुप्पट हास्यास्पद वाटूं लागला आहे.

‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ (१८११) या कादंबरीचा आरंभहि पुष्कळजण एन्टेलचाच प्रकार समजतात. तसें तेथें नाहीं. नॉरलंडच्या म्हाताऱ्या धन्याला मिळकत कोणालाहि देण्याची मोकळीक होती. हेन्री डॅशवुड व त्याच्या मुलींनीं त्याची मनोभावें सेवा केली. पण चार वर्षांच्या एका नातवाच्या बोबड्या बोलांवर भाळून त्यानें मृत्युपत्रानें मिळकत त्या मुलाच्या बाजूला बांधून दिली. येथें पूर्वज दोषी नाहीं, कायदा दोषी नाहीं. एका म्हाताऱ्याची लहर दोषी आहे, आणि म्हणून या कादंबरीचा कडूपणा अधिक आहे. आणखी एक मौज: वारशानें न येतां अन्य रीतीनें, अगदीं देणगीनेंहि, जें मिळतें त्याला इंग्रजी कायदा ‘पर्चेस’ म्हणतो. तेव्हां बाहुल्यांशीं खेळण्याच्या वयाचा तो हॅरी कायद्याच्या भाषेंत खरेदीदार!

जेन ऑस्टिनच्या पुस्तकांत कायदा असा भिंतीच्या आंतल्या तुळईसारखा असतो. त्यानंतर अर्धशतकानें जॉर्ज इलियटनें ‘फेलिक्स होल्ट’ (१८६६) लिहिली, तेव्हां तिनें ती तुळई उघड्यावर आणून ठेवली. फ्रेडरिक हॅरिसन या कायदेपंडिताचा तिनें सल्ला घेतला, आणि जें कथानक रचिलें तें वकिलाच्या परीक्षेस बसणारालाहि घाम फोडील. १७२९ सालीं एका ट्रान्सम जमीनदारानें जमीन आपल्या मुलाला व त्याच्या पुरुषवंशाला बांधून दिली, आणि तो वंश संपल्यास ती बाइक्लिफ घराण्याकडे पूर्ण स्वत्वानें जावी असें ठरविलें. त्या दुर्व्यसनी मुलानें आपला व आपल्या वंशाचा हक्क ड्यूर्फी नांवाच्या वकील नातलगास विकला. विकणारा केवळ आपल्या वंशाचा हक्क विकूं शकतो. बाइक्लिफांचा पुढचा हक्क त्यास तोडतां आला नाहीं. म्हणून घेणारास जें मिळालें त्यास ‘बेस फी’ म्हणतात. तें दिसावयास पूर्ण स्वत्व. पण विकणाराच्या वंशांतील एक तरी माणूस जिवंत असेपर्यंतच टिकणारें. ड्यूर्फींनीं ट्रान्सम हें नांव घेतलें, वाडा राखला, मान मिळविला. आणि खऱ्या ट्रान्समांचा शेवटचा अंकुर, टॉमी ट्राउन्सम, भिंतींवर निवडणुकीचे कागद चिकटवीत दारूच्या गुत्त्यांतून हिंडत राहिला. तो जगला तोंवर वाड्यांतील लोक धनी. तो निवडणुकीच्या दंग्यांत चिरडून मेला, आणि त्या क्षणीं सारी जमीन एका पाद्र्याच्या घरीं त्याची मुलगी म्हणून वाढलेल्या एस्थरची झाली; कारण ती बाइक्लिफाची मुलगी, व बाइक्लिफांचें स्वत्व पुरुषवंशाला बांधलेलें नव्हतें.

कल्पना म्हणून ही विलक्षण आहे. ज्या भिकाऱ्याला कोणी दारांत उभा करीत नाहीं, त्याच्या श्वासावर एका घराण्याची प्रतिष्ठा टांगलेली. त्याला स्वतःला मात्र त्यांतून कवडी मिळत नाहीं. १८३२ च्या सुधारणाकायद्यानंतरच्या निवडणुकीची ही कथा. मताचा हक्क कोणाला असावा याविषयीं सभांतून गर्जना चालू असतां, मत नसलेल्या एका माणसाच्या मरणानें सर्वांत मोठें सत्तांतर घडतें. एवढें मनांत आणून जॉर्ज इलियटच्या बुद्धीपुढें मान तुकविली पाहिजे. तरीहि कादंबरी म्हणून हें पुस्तक आम्हांस ऑस्टिनच्या पुस्तकाच्या खालच्या पायरीवर वाटतें. त्याचें कारण असें कीं, येथें कायदा पात्रांच्या स्वभावांतून काम करीत नाहीं, त्यांच्या डोक्यावर कोसळतो. टॉमीच्या मरणांत कोणाचाच गुणदोष नाहीं. पानामागून पान कागदपत्रांची उकल चालते, वाचक बोटांवर पिढ्या मोजीत बसतो, आणि एस्थर ती मिळकत नाकारून फेलिक्सशीं लग्न करते तेव्हां तिच्या त्यागाची भव्यता या हिशेबांत अर्धी विरून गेलेली असते. याउलट कादंबरींतील जें अमर आहे तें ट्रान्समबाईंचें दुःख. ज्या मुलासाठीं तिनें मिळकत राखली, तो हॅरल्ड नवऱ्याचा नव्हेच, ज्याचा तो मनापासून तिरस्कार करितो त्या जर्मिन वकिलाचा. भर समाजांत आरशांत दोघांचे चेहरे शेजारीं दिसून हॅरल्डला सत्य कळतें, त्या प्रसंगाला ‘बेस फी’च्या एकाहि कलमाची गरज नाहीं. वंश कागदावर सिद्ध करण्यासाठीं लेखिकेनें इतका खटाटोप केला, आणि वंशाविषयींची तिची सर्वांत खोल गोष्ट कागदाबाहेर राहिली.

ट्रोलपची ‘द यूस्टेस डायमंड्स’ १८७१ ते १८७३ या काळांत क्रमशः निघाली. तिचा प्रश्न लहान, पण फार खुमासदार: दहा हजार पाउंडांचा हिऱ्यांचा कंठा हा ‘एअरलूम’ आहे कीं विधवा लिझीचा? जंगम असूनहि जी वस्तु जमिनीच्या पाठोपाठ वारसाकडे जाते ती ‘एअरलूम’. कंठा मोडून पुन्हां घडवितां येतो, तेव्हां तो एअरलूम होऊं शकत नाहीं, असें कथेंतील वकील डव्ह साहेबांचें मत पडतें. हें मत ट्रोलपनें चार्ल्स मेरिवेदर नांवाच्या खऱ्या बॅरिस्टराकडून लिहून घेतलें होतें, आणि पुढें तें या विषयावरील आधारवचन झाल्याचें आपण ऐकलें, असें तो आत्मचरित्रांत ऐटीनें सांगतो. तें कायदेपंडितांनीं पाहावें. आम्हांस महत्त्वाचें वाटतें तें हें, कीं कंठा अखेर लिझीचाहि राहत नाहीं, चोरीस जातो. तो कोणाचा यावर शेंकडों पानें भांडण झाल्यावर, हें ट्रोलपचें उत्तर.

हे शब्द केवळ पुस्तकांतून आपल्याकडे आले असें नाहीं. कलकत्त्याचे प्रसन्नकुमार ठाकूर, जे स्वतः नामांकित वकील होते, त्यांनीं ख्रिस्ती झालेल्या आपल्या मुलाला, ज्ञानेंद्रमोहनला, वगळून मिळकत पुतण्याकडे व त्यापुढें पुरुषवंशाच्या क्रमानें जावी, असें मृत्युपत्र इंग्रजी धर्तीवर केलें. दायभागांत मुलाला जन्मस्वत्व नाहीं, तेव्हां मुलाला वगळण्यांत अडचण नव्हती. तरीहि १८७२ सालीं प्रिव्ही कौन्सिलानें निर्णय दिला कीं, कायद्याला अनोळखी असा वारसाक्रम कोणाहि खाजगी माणसास निर्माण करतां येत नाहीं. पुतण्या जतींद्रमोहनला मिळाली ती हयातीची धारणा; त्यापुढील बंध रद्द होऊन हक्क वगळलेल्या मुलाकडे वळला. बेनेटच्या पूर्वजाला जें आपल्या देशांत सहज करतां आलें, तें कलकत्त्याच्या श्रीमंत हिंदूला इंग्रज न्यायाधीशांनीं करूं दिलें नाहीं. आणि यांत न्यायाधीशांचा पक्षपात नव्हता, आमच्या मतें त्यांनीं योग्यच केलें. वंशबंध ही तेथें एका दीर्घ इतिहासाची गाठ होती. ती उचलून आणून दुसऱ्या दोरीला मारतां येत नाहीं. पुढें तेथेंहि ती सुटली. १९९७ च्या आरंभापासून इंग्लंडांत नवा एन्टेल करतांच येत नाहीं. ‘हेरेडिटामेंट’ हा शब्द आतां तेथें उरला आहे तो बहुतेक इमारतींवरील कराच्या आकारणींत.

तेव्हां मराठींत या कादंबऱ्या आणणारानें काय करावें? आमच्या सूचना थोड्या आहेत. ‘लाइफ इस्टेट’साठीं ‘तहहयात हक्क’ हा आपल्या कागदपत्रांतला चालता शब्द आहे, तो घ्यावा. ‘फी सिंपल’ला ‘पूर्ण वंशस्वत्व’ व ‘एन्टेल’ला ‘वंशबंध’ म्हणावें. निदान ‘वडिलोपार्जित’ हा शब्द तरी कटाक्षानें टाळावा. मात्र बेनेटबाईंच्या तोंडीं ‘वंशबंध’ शोभणार नाहीं, कारण ज्याची फोड शब्दांतच दिसते तो शब्द न कळण्यांत गंमत नाहीं. तेथें ‘एन्टेल’ हाच परका शब्द ठेवावा. ‘हेरेडिटामेंट’ला ‘दायार्ह वस्तु’ चालेल.

राहिलें अमूर्त हेरेडिटामेंट, आणि त्यासाठीं नवा शब्द घडविण्याचें कारणच नाहीं. याज्ञवल्क्यानें पितामहाच्या मिळकतींत बापलेकांचें स्वत्व सारखें सांगतांना भूमि व द्रव्य यांच्या मध्यें एक तिसरी वस्तु घातली आहे. तिचें नांव ‘निबंध’. विज्ञानेश्वर तिचें उदाहरण देतो: पानांच्या एका भाऱ्यामागें इतकीं पानें, सुपारीच्या एका भाऱ्यामागें इतक्या सुपाऱ्या. म्हणजे बांधून दिलेलें नित्य उत्पन्न. हातीं जमीन नाहीं, पण जमिनीच्या तोडीचें. १८१० सालीं कोलब्रुकनें मिताक्षरेचें भाषांतर केलें तेव्हां या शब्दापुढें ब्लॅकस्टनच्याच यादींतील अन्नवस्त्राच्या हक्काचा शब्द लिहिला. पुढें आपल्या इलाख्यांतील वतनांच्या व पिढीजात हक्कांच्या वादांत हाच ‘निबंध’ कोर्टांत पुन्हां पुन्हां उभा राहिला. वतनें गेलीं, कुळकर्णी वतन १९५० च्या व पाटिलकी १९६२ च्या कायद्यानें संपली. परंतु नोंदणीच्या १९०८ च्या कायद्यांत स्थावराच्या व्याख्येंत जमीन व इमारत यांच्या शेजारीं वंशपरंपरागत नेमणुका बसविलेल्या आहेत, ती त्याच निबंधाची पडछाया. हंसफर्डचा पाद्री नेमण्याचा लेडी कॅथरीनचा हक्क हा तिचा निबंध होता, असें भाषांतरकारानें खुशाल लिहावें. आणि शाळेंतला निबंध आठवून कोणी वाचक गोंधळलाच, तर त्यास खालीं पानसुपारीची तळटीप द्यावी.